तांब्याला पाठ नसते

दिल्लीत पोस्टिंग झालं की फौजी माणसाचं हत्यार बदलतं. हातात पेन येतं. डोंगरात किंवा वाळवंटात असताना आपण ऑर्डर ऐकतो, देतो, पाळतो. दिल्लीत आपण त्या लिहितो. लिहिलेला कागद चार टेबलांवरून फिरतो, सह्या गोळा करतो आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या एखाद्या पोस्टवर पोचतो. तिथे कुणीतरी हवालदार तो वाचतो आणि कामाला लागतो. तो आपल्याला दिसत नाही. आपण काय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, ते त्याला दिसत नाही. या वेळी मला त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. निमित्त मात्र ऑफिसचं नाही, माझ्या आठवीतल्या मुलीच्या गृहपाठाचं आहे.

गृहपाठ असा होता. घरातल्या वस्तूंपासून एक शिल्प बनवा. गोंद, खिळे, सेलोटेप चालणार नाही. काम झाल्यावर प्रत्येक वस्तू जागेवर परत गेली पाहिजे. मग ते शिल्प कसं बनवायचं याच्या सूचना एका पानात लिहा. चित्र काढायचं नाही. वर्गातली दुसरी मुलगी ते पान वाचून आपल्या घरी तेच शिल्प बनवणार, दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावले जाणार आणि गुण मिळणार ते शिल्पाला नव्हे, पानाला.

डेहराडूनला आमच्याकडून ऑर्डर पाठ करून घेणारे उस्ताद हे ऐकून खूश झाले असते.

मुलीने मोर केला. स्टीलच्या ताटात आईने परभणीहून दिलेला पितळेचा तांब्या, त्यात तांदूळ. तांदळात पळी उभी खोचली, ती मान आणि डोकं. मागे झारा, त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चमचे, हा पिसारा. खरंच छान दिसत होता. झाऱ्याच्या भोकांतून खिडकीतला उजेड येत होता. मग तिने दहा मिनिटांत सूचना लिहिल्या. एकूण सहा ओळी: ताटात तांब्या ठेवा. त्यात तांदूळ भरा. पळी उभी करा. मागच्या बाजूला झारा लावा. त्याच्या बाजूला चमचे लावा. मोर तयार.

मी म्हटलं, "आधी कुणावर तरी चाचणी घे." आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ अधिकारी राहतात, त्यांचा मुलगा सहावीत आहे. त्याला बोलावलं. त्याने मोर पाहिलेला नव्हता. कागद हातात दिला आणि मुलीला एकच नियम घातला: तो करत असताना तोंड उघडायचं नाही. बोट दाखवायचं नाही. चेहराही करायचा नाही.

त्या मुलाने आपल्या घरून साहित्य आणलं. तांब्याऐवजी चोंबू, पळीऐवजी करंडी. नावं वेगळी, भांडी जवळपास तीच. त्याने चोंबूत मूठभर तांदूळ टाकले, कारण 'भरा' म्हणजे किती ते कुठे लिहिलं होतं? मग त्याने करंडी उभी केली, पण वाटी तांदळात आणि दांडा वर. त्याचंही चुकलं नव्हतं. धान्यात पळी घालायची म्हटल्यावर जगातला कुठलाही माणूस वाटीच आत घालेल. मग तो 'मागच्या बाजूला' या शब्दावर थांबला. चोंबूभोवती मान फिरवून पाहिली. शेवटी स्वतःच्या दृष्टीने पलीकडची बाजू ती मागची, असं ठरवून त्याने झारा आणि चमचे चोंबूच्या पलीकडे ताटात आडवे मांडले. जे तयार झालं ते पाहून असं वाटत होतं की पंगत बसली आहे आणि खीर वाढायला कुणीतरी आत्ता येणार आहे.

मुलगी लालबुंद झाली होती. तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, मागची बाजू म्हणजे मागची बाजू! त्यात काय सांगायचं?"

पण तांब्याला पाठ नसते. तांब्या गोल असतो. मोराला पाठ असते, आणि मोर फक्त तिच्या डोक्यात होता. त्या मुलाच्या हातात होता तो नुसता तांब्या. सूचना लिहिताना सगळ्यात मोठी अडचण हीच असते. लिहिणाऱ्याला पूर्ण झालेली वस्तू दिसत असते, करणाऱ्याला हातातला तुकडा.

फौजेत यावर फार जुना तोडगा आहे. कुठल्याही कारवाईच्या आधी जमिनीवर सँड मॉडेल बनवतात. तेसुद्धा घरगुती वस्तूंचंच शिल्प असतं. नदी म्हणजे निळी लोकर, रस्ता म्हणजे सुतळी, गाव म्हणजे काड्यापेट्या, जंगल म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा, शेतं म्हणजे रांगोळी. ऑर्डर देणारा मॉडेलजवळ उभा राहिला की शत्रूबद्दल एक शब्द बोलायच्या आधी उत्तर दिशा दाखवतो. मग एक ठळक खूण सांगतो: एकटं झाड, टेकडीवरचं देऊळ, पाण्याची टाकी. पुढचं सगळं त्या खुणेच्या हिशेबात. लक्ष्य दाखवायचं असेल तर घड्याळाची पद्धत: एकटं झाड, तीन वाजता, पिवळा दगड. कारण 'डावीकडे' म्हटलं की समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांचे हात दोन दिशांना जातात.

लिहिणारा उंचावर आणि वाचणारा खोलात असला की काय होतं, याचं उदाहरण जगातल्या अनेक सैनिकी शाळांमध्ये शिकवलं जातं. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लाव्हा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर होता. तिथून त्याला समोरच्या उंचवट्यावरून शत्रू पकडलेल्या तोफा ओढून नेताना दिसत होता. त्याने घोडदळाला लेखी हुकूम पाठवला: वेगाने पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कुठल्या तोफा, ते लिहिलं नाही. त्याला त्या दिसतच होत्या, मग लिहायचं कशाला? खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन उभा होता, त्याला त्या दिसत नव्हत्या. त्याने निरोप्या कॅप्टन नोलनला विचारलं, तेव्हा नोलनने हात हवेत फेकून मोघम दिशा दाखवली. दरीच्या टोकाला रशियन तोफा रोखून उभ्याच होत्या. सहाशेहून जास्त स्वार त्या तोफांवर चालून गेले. सर्वात आधी पडलेल्यांत तो निरोप्या नोलनही होता. हुकुमाची भाषा साधी होती, अक्षरही वाचता येण्यासारखं होतं. हुकुमात फक्त वाचणाऱ्याची जागा धरलेली नव्हती.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सगळंच लिहायचं? मग पान पुरणार नाही." प्रश्न बरोबर होता. सगळं लिहिता येत नाही आणि सगळं लिहिलेला कागद कुणी वाचतही नाही. मग काय लिहायचं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला इंग्रजी पुस्तकात नाही, आपल्याकडे सापडलं. छत्रपती शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र अनेकांनी वाचलं असेल. रयतेला त्रास देऊ नका, हा त्याचा गाभा सगळ्यांना माहीत आहे. मी ते पत्र वाचतो ते स्टाफ ऑफिसरच्या नजरेने, आणि दर वेळी थक्क होतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच बेहिशेबी उधळलीत तर पुढे काय होईल, ते पायरीपायरीने मांडलेलं आहे: साठा संपेल, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही गावात शिराल, कुणी धान्य आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, मग कुणबी गाव सोडून जातील आणि म्हणतील की याच्यापेक्षा मोगल बरे. आगीबद्दलही तसंच. नुसतं 'आग जपून वापरा' नाही. रात्री दिवा तसाच ठेवू नका, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल, ती गवताला लागेल आणि सगळी पागा जाईल.

त्या उंदरात सगळं आहे. 'दिवे विझवा' एवढाच हुकूम असता तर तो दिव्यापुरता पाळला गेला असता. उंदीर सांगितल्यामुळे वाचणाऱ्याला कारण कळलं, आणि ज्याला कारण कळलं तो चिलमीची ठिणगीही आपणहून विझवतो. न लिहिलेल्या गोष्टीही तो बरोबर करतो. पान पुरण्याचा हाच एक उपाय आहे: प्रत्येक कृती लिहू नका, पण महत्त्वाच्या कृतीमागचं कारण लिहा.

मुलीचं दुसरं पान मी इथे देतो. मूळ इंग्रजीत आहे, मराठी माझं.

"हे पिसारा फुलवलेल्या मोराचं शिल्प आहे. मोर तुमच्याकडे पाहतो आहे.

साहित्य: मोठं ताट १, तांब्या १, तांदूळ तांब्याच्या गळ्यापर्यंत येतील एवढे, पळी १, झारा १, एकसारखे चमचे ८.

ताट टेबलावर ठेवा. ताट म्हणजे घड्याळ समजा. तुमच्या पोटाजवळची कड ६, समोरची कड १२. शेवटपर्यंत ताट फिरवू नका.

तांब्या मधोमध ठेवा. गळ्यापर्यंत तांदूळ भरा. तांब्या दोनदा हलकेच आपटा. तांदूळ खाली बसतील. पुन्हा गळ्यापर्यंत भरा. तांदूळ दांडे धरून ठेवण्यासाठी आहेत. तांब्या नसेल तर अरुंद तोंडाचं कुठलंही जड भांडं चालेल.

पळी: दांडा खाली, वाटी वर. दांडा ६ च्या बाजूला, तोंडाच्या कडेजवळ, चार बोटं खोल खोचा. वाटीची पोकळ बाजू तुमच्याकडे. हे मोराचं डोकं.

झारा: दांडा खाली, चकती वर. १२ च्या बाजूला खोचा.

चमचे: दांडे खाली. चार झाऱ्यापासून ९ च्या दिशेने, चार ३ च्या दिशेने, पसरलेल्या बोटांसारखे.

तपासणी: समोरून पाहिल्यावर डोक्यामागे पिसारा दिसला पाहिजे. ताट उचलून दोन पावलं चाला. काहीही पडलं तर तांदूळ कमी आहेत."

वरच्या मजल्यावरचा मुलगा पुन्हा आला. या वेळी बारा मिनिटं लागली आणि मोर उभा राहिला. नोएडातल्या ज्या मैत्रिणीकडे ते पान गेलं तिच्याकडे तांब्या नव्हता. तिने दुधाची किटली घेतली, कारण तांदूळ कशासाठी आहेत ते तिला कळलं होतं. फोटोत किटलीचा मोर थोडा बुटका दिसतो, पण मोरच दिसतो.

दिल्लीत राहणाऱ्यांना अशी शिल्पं नवीन नाहीत. सराय काले खाँला २०१९ मध्ये 'वेस्ट टू वंडर' पार्क सुरू झालं; तिथे भंगारातून केलेली जगातली सात आश्चर्यं आहेत. तिथल्या कारागिरांचं एक काम सोपं होतं. ताजमहाल कसा दिसतो हे प्रत्येक वेल्डरला माहीत असतं. साकेतला किरण नाडर म्युझियमच्या संग्रहात सुबोध गुप्ता यांचं २००८ सालचं एक अवाढव्य शिल्प आहे. स्टीलची ताटं, पातेली, डबे, बादल्या, अशा असंख्य भांड्यांचा मिळून अणुस्फोटाचा ढग. नाव 'लाइन ऑफ कंट्रोल'. माझ्या नोकरीची काही वर्षं त्या नावाच्या रेषेवर गेली आहेत, त्यामुळे त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. एक विचार कलेचा होता, तो इथे सांगत नाही. दुसरा अगदी फौजी होता: हे २००९ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये होतं, मग इथे आलं. एवढं धूड समुद्रापार न्यायचं म्हणजे सोडवणं, क्रमांक घालणं, पेट्या भरणं आणि दुसऱ्या देशात, ज्यांनी ते कधी पाहिलं नाही अशा हातांनी परत उभं करणं आलंच. ढगाइतकंच मला त्या क्रमांकांचं कौतुक वाटलं.

सोल लेविट नावाच्या अमेरिकन कलावंताने तर १९६८ पासून भिंतीवर स्वतः चित्र काढायच्या ऐवजी ते कसं काढायचं याच्या सूचना लिहून दिल्या. काढणारे दुसरेच. तो २००७ मध्ये गेला. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एका संग्रहालयात त्याची १०५ भित्तिचित्रं लोकांसाठी खुली झाली. सूचना नीट लिहिलेल्या असतील तर लिहिणारा हजर नसला तरी काम होतं.

याच वाक्यामुळे आमच्या घरात पुढचं प्रकरण सुरू झालं.

परभणीला आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यात धान्य, वर मुखवटे, कोठ्यांना नेसवलेली लुगडी, कापडी हात, पुढे दोन बाळं. भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून पाहिलं तर घरातल्या वस्तूंचं यापेक्षा मोठं शिल्प मी पाहिलेलं नाही. त्याच्या सूचना कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या आईच्या हातात आहेत, त्याआधी आजीच्या हातात होत्या. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि तिला खाली बसता येत नाही. गेल्या वर्षी तिने फोनवर सांगितलं, "यंदा तुमच्याकडे दिल्लीला बसवा."

माझी बायको अल्मोड्याची. लग्नानंतर महालक्ष्म्यांना ती चार वेळा परभणीला होती, बाकीच्या वेळी पोस्टिंगने जमू दिलं नाही. तिने फोन स्पीकरवर ठेवला आणि मुलगी वही घेऊन बसली.

"आधी कोठी भरायची," आई म्हणाली.

"कशाने? किती?" मुलगी.

"गव्हाने. अंदाजाने."

"आजी, अंदाज म्हणजे किती?"

फोनवर शांतता. मग आई म्हणाली, "मुखवटा ठेवून बघायचा, डोलला नाही पाहिजे. तोवर भरायचं." मुलीने माझ्याकडे पाहिलं. तांदूळ दांडे धरून ठेवण्यासाठी आहेत, हे तिला नव्याने सांगावं लागणार नव्हतं.

असे सात फोन झाले. लुगड्याच्या निऱ्या आधी घालायच्या की कोठीला गुंडाळून मग? मुखवटा दोरीने बांधायचा की नुसता ठेवायचा? ज्येष्ठा कुठली आणि कनिष्ठा कुठली, 'डावीकडे' म्हणजे देवीच्या डावीकडे की आपल्या? शेवटच्या प्रश्नावर आई हसली. म्हणाली, पन्नास वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. दिल्लीत कोठ्या नव्हत्या. "उभं राहायला खाली रुंद, मधे बारीक असं काहीतरी पाहिजे, म्हणजे लुगडं कमरेला नीट बसतं," एवढं कारण आईने सांगितलं आणि बायकोने गुरुग्रामच्या रस्त्यावरून सरकंड्याचे दोन मूढे आणले. मूढ्यावर गव्हाचा डबा, डब्यावर मुखवटा. फुलं गाझीपूरच्या मंडीतून. देवी उभ्या राहिल्या, आणि तीन दिवस डोलल्या नाहीत.

वहीतलं सगळं मी नंतर ऑर्डरच्या पाच मथळ्यांखाली बसवलं. सवय जात नाही. माहिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, बंदोबस्त, आणि शेवटी कमान व संपर्क. या शेवटच्या मथळ्याखाली फौजेत दोन गोष्टी लिहाव्याच लागतात: अडचण आली तर कुणाशी बोलायचं, आणि कमांडर पडला तर सूत्रं कुणाकडे. ब्रीफिंग घेणाऱ्या प्रत्येकाला त्या दुसऱ्या ओळीची इतकी सवय असते की ती लिहिताना कुणाचा हात थांबत नाही.

या वेळी थांबला. मी पहिली ओळ लिहिली: 'शंका आल्यास आजीला फोन करणे.' आणि कागद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "आणि मी नसले तर? ते लिहीत नाहीत का तुमच्यात?"

"लिहितात."

"मग लिही की. सुनेचं नाव लिही." थोडं थांबून म्हणाली, "नातीचंही लिही. लेकीकडे महालक्ष्म्या जात नाहीत म्हणतात. पण मला प्रश्न तिनेच विचारले."

मुलीने स्वतःच्या अक्षरात दोन्ही नावं लिहिली आणि विचारलं, "आजी, अजून काही राहिलं?"

"आंबिलीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं," आई म्हणाली. "ते घेतलंस का?"